उरलेले दोन

विट्याच्या हायस्कुलात मी दिवसा अमेरिका शिकवायचो
आणि दिवेलागणीनंतर मतदारांची यादी लिहायचो.
साल एकोणपन्नास. जिल्ह्याचं नावही नवं होतं, दक्षिण सातारा.
कागदांवर छापील नाव मात्र जुनंच,
तेवढं एक ‘दक्षिण’ आम्ही दौतीतल्या शाईनं वर लिहायचो.

नववीच्या फळ्यावर मी लिहिलं:
राजा नाही. सरदार नाही. सगळी माणसं समान.
त्याखाली, बारीक अक्षरात, खडू संपत आला होता म्हणून,
मत कुणाला? बहुतेक ठिकाणी, ज्याची जमीन त्याला.
बायकांना नाही. एका न्यू जर्सीत काही वर्षं होतं,
मग काढून घेतलं,
लेकराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं.
आणि गुलाम मोजायचे, पाचाला तीन.

दाराशी बसणाऱ्या सिद्राम लोंढ्यानं हात वर केला.
तो दाराशी का बसतो, मी कधी विचारलं नव्हतं.
“गुरुजी, उरलेली दोन माणसं कुठं ठिवली?”
पोरं हसली. मीही हसलो, थोडं.
म्हणालो, अरे, ते गणित आहे.
“आणि मोजली ती तीन कुणाच्या खात्यात?”
मालकाच्या, हे मला माहीत होतं.
तास सुटायला अजून बारा मिनिटं होती.
बारा मिनिटं मी तिकडच्या नद्यांची नावं सांगितली.

रात्री येरळा ओलांडून कुंभारआळीत.
नदीला पाणी कुठलं, वहाणांत वाळू भरायची.
कंदील धरायला गावचा तराळ, येसबा,
प्रत्येक उंबऱ्याच्या चार हात अलीकडं थांबणारा.
उजेड आत जाई, तो जात नसे.

“बाई, नाव?”
“सदाची आय म्हणून लिवा.”
असं चालत नाही. वरून हुकूम आहे,
कुणाची आई, कुणाची बायको, अशी नावं खोडणार.
“मग खोडा.”
त्या आठवड्यात अशा सत्तावीस झाल्या होत्या.
मला वाटलं, लाजते.
ती बोटांवरची ओली माती निरपत राहिली,
मग फिरायचं थांबलेल्या चाकाकडं बघत म्हणाली,
“नकुसा.”

चौथी पोर. आता पुरे, हे देवाला कळावं म्हणून ठेवलेलं.
देवाला कळलं नाही, पाठीवर आणखी दोघी झाल्या.
“सरकारला हवी व्हय असली?”

मी म्हणालो, दुसरं सांगा एखादं. शालन लिहितो. कोण तपासतंय?
तिनं खरंच विचार केला. चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
“नगं. त्या शालनचं मत मी कशाला टाकू?”

नकुसा गोंदा कुंभार, वय अंदाजे तीस.
लिहिताना माझंच अक्षर मला ओळखू येईना.

परतताना नदीच्या मध्यावर येसबा थांबला.
“मास्तर, माजं कुटल्या पानावर हाय?”

सोमवारी लोंढ्यांची सगळी घरं मी लिहिली होती.
म्हातारी, आंधळा चुलता, परगावी गेलेला भाऊसुद्धा.
हा बाहेर उभा होता, कंदील धरून.
त्याच्याच उजेडात मी त्याला सोडून सगळे मोजले.

वाळूत मांडी घालून बसलो. वय?
“तुमीच टाका.”
तो वाकला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच
कंदील कागदाच्या इतका जवळ आला.
टीपकागद नव्हता. वाळूची चिमूट त्यानंच उचलली
आणि ओल्या नावावर सोडली, भंडारा उधळतात तशी नव्हे,
मीठ घालतात तशी, बेतानं.

दुसऱ्या दिवशी सिद्राम दाराशीच बसला होता.
ये, असं मला म्हणता आलं असतं.
फळा कुणी पुसला नव्हता.
पाचाला तीन, त्याखालच्या रेघेखाली
जागा होती बरीच.
मी खडू शोधत राहिलो.